हात आणि वाद्य

"हा कोणाजवळ शिकला नाहीं, आपलें आपणच शिकला," असें एखाद्या कलावंताविषयीं कोणी बोललें, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनांत दोन परस्परविरुद्ध विचार येतात. कांहींना वाटतें, हा जन्मतःच एखादी विलक्षण देणगी घेऊन आला असावा. कांहींना वाटतें, ज्याला गुरु नाहीं त्याची विद्या कच्चीच राहावयाची. हीं दोन्ही मतें आम्हांस अपुरीं वाटतात. आपलें आपण शिकणें म्हणजे नेमकें काय, त्यांत कोणाकोणाचा हातभार लागतो, आणि त्यासाठीं काय किंमत द्यावी व काय देऊं नये, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल जो मनुष्य आम्हीं निवडला आहे तो कोणी संत नाहीं कीं देशभक्त नाहीं. तो विजेची गिटार वाजविणारा एक इंग्रज वादक आहे. त्याचें नांव टोनी आयोमी.

हें नांव वाचून कांहीं पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, आणि मागच्या बाकांवरचे कांहीं विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हसतील, हें आम्ही जाणून आहों. आमच्या वर्गांतील दोघातिघांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर त्याच्या वादकसंचाचें नांव, 'ब्लॅक सॅबथ', मोठ्या वळणदार अक्षरांत काढलेलें आम्हीं पाहिलें आहे. हें काय प्रकरण आहे, असें पालकसभेंत आम्हांस विचारण्यांतही आलें. तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर सविस्तर द्यावें, हाही ह्या लेखाचा एक हेतु आहे.

आम्ही राजगुरुनगरास राहतों. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु ह्यांचा जन्म १९०८ सालीं येथें झाला, आणि त्यांच्या स्मरणार्थ जुन्या खेड गांवास हें नांव मिळालें. भीमेच्या कांठचें हें गांव आतां केवळ बाजाराचें व कचेऱ्यांचें राहिलेलें नाहीं. पहांटे नाशिक रस्त्यावर उभें राहिलें असतां चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक दिसतात. पहिल्या पाळीचे लोक त्यांत चढतात, आणि रात्रपाळी संपविलेले लोक डोळे चोळीत उतरतात. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील, आणि कांहींच्या आयाही, त्यांत असतात. संध्याकाळीं त्याच वस्तींतील एखाद्या गच्चीवरून गिटारचा आवाज ऐकूं येतो. वाजविणारा मुलगा मोबाइलवर एक लहानसा तुकडा ऐकतो, थांबवितो, पुन्हां ऐकतो, आणि तारांवर बोटें फिरवून तो स्वर कोठें सांपडतो तें शोधीत बसतो. ह्या वाद्याचा शिक्षक ठेवणें त्याच्या घरास परवडत नाहीं. म्हणून त्याचा कान हाच त्याचा शिक्षक होतो.

विजेची गिटार म्हणजे काय, हें ज्या पालकांस ठाऊक नसेल त्यांनीं १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा' ह्या बोलपटांतील 'दम मारो दम' ह्या गाण्याचा आरंभ आठवावा. तेथें ऐकूं येणारी गिटार, पुढें गायक म्हणून नांवारूपास आलेले भूपिंदर सिंग ह्यांनीं वाजविलेली आहे. ह्या वाद्यांत तारांखालीं लोहचुंबक व बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. तार हलली कीं त्या वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तो वाढवून ऐकवितो. तार हलकेच छेडली तरी मोठा नाद निघूं शकतो, हा ह्या वाद्याचा विशेष; पुढील हकीगतींत त्याला महत्त्व आहे.

आयोमीचा जन्म १९ फेब्रुवारी १९४८ रोजीं बर्मिंगहॅम शहरीं झाला. हें शहर म्हणजे इंग्लंडचें जणूं पिंपरी-चिंचवड व चाकण. लोखंडकाम, मोटारी आणि मोटारींचे सुटे भाग ह्यांवर तेथील हजारों घरांच्या चुली पेटत. आयोमीचें घराणें मूळचें इटालियन. आईबापांचें छोटेंसें दुकान होतें. घरांत वडील व चुलते अकॉर्डियन वाजवीत. अकॉर्डियन म्हणजे खांद्यास अडकवून वाजवावयाची बाजाची पेटीच म्हणाना. मुलाला ड्रम हवे होते, पण मिळाला अकॉर्डियन. आणि पुढें कुमारवयांत त्यानें गिटार हातीं धरली. त्या काळीं इंग्लंडांत 'शॅडोज' नांवाचा वादकसंच फार लोकप्रिय होता, आणि हँक मार्व्हिन हा त्यांतील मुख्य गिटारवादक होता. त्यांच्या पुष्कळ रचनांत गाणें नसे. गिटारच गात असे. त्या तबकड्या ऐकून आयोमी स्वर लावावयास शिकला. आमच्या गच्चीवरील मुलगा मोबाइलवर जें करतो, तेंच तो तबकडीवर करीत होता.

एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. आयोमी डावरा आहे. उजव्या हाताचा वादक डाव्या हाताच्या बोटांनीं तारा पडद्यांवर दाबतो व उजव्या हातानें छेडतो. डावरा ह्याच्या उलट करतो. म्हणजे स्वर शोधण्याचें नाजूक काम आयोमीच्या उजव्या हाताकडे होतें.

पोटासाठीं तो पत्र्याचें काम करणाऱ्या एका कारखान्यांत नोकरीस लागला. १९६५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, एका वादकसंचाबरोबर परदेशच्या दौऱ्यावर जाण्याची संधि त्याला मिळाली, आणि त्यानें नोकरी सोडावयाचें ठरविलें. कारखान्यांतील शेवटचा दिवस उजाडला. त्याचें नेहमींचें काम तुकडे जोडण्याचें. यंत्रावर पत्रा दाबून त्याच्याकडे पाठविणारी कामगार बाई त्या दिवशीं आली नव्हती, म्हणून त्यालाच त्या यंत्रावर उभें करण्यांत आलें. दुपारीं जेवावयास घरीं आल्यावर त्यानें आईला सांगितलें कीं आतां परत जात नाहीं. आईनें सांगितलें कीं हातीं घेतलेला दिवस नीट पुरा करावा. कोणतीही कष्टाळू आई हेंच सांगेल. तो परत गेला. दुपारनंतर यंत्राचें पातें त्याच्या उजव्या हातावर आलें. त्यानें दचकून हात मागें ओढला, आणि मधल्या दोन बोटांचीं टोकें निघून गेलीं. ज्या हातानें तो स्वर धरीत असे तोच हा हात. गिटारचा नाद आतां सोडून दे, असें त्याला रुग्णालयांत सांगण्यांत आलें.

तो घरीं खिन्न होऊन बसला असतां कारखान्यांतील त्याचा वरिष्ठ त्याच्या भेटीस आला. त्यानें येतांना एक तबकडी आणली होती. आयोमीची ऐकण्याची इच्छा नव्हती. त्या गृहस्थानें आग्रह करून ती लावली. ऐकून झाल्यावर त्यानें सांगितलें कीं हा वादक केवळ दोन बोटांनीं वाजवीत आहे.

तो वादक म्हणजे जँगो राइनहार्ट. १९१० सालीं बेल्जममध्यें एका जिप्सी कुटुंबांत तो जन्मला. १९२८ सालीं त्याच्या राहत्या गाडीस आग लागली, आणि तींत त्याच्या डाव्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें कायमचीं आखडलीं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें उरलेल्या दोन बोटांसाठीं वादनाची नवी पद्धति बसविली, आणि १९३४ पासून पॅरिसमधील त्याच्या पांचजणांच्या संचानें युरोपभर नांव मिळविलें. १९५३ सालीं तो वारला. बारा वर्षांनीं त्याची तबकडी बर्मिंगहॅमच्या एका जखमी मुलाच्या खोलींत वाजली.

आतां तुम्हीच सांगा, आयोमी 'स्वयंशिक्षित' असला तरी त्याला गुरु नव्हता असें म्हणतां येईल काय? ज्याला त्यानें कधीं पाहिलें नाहीं असा एक मृत वादक त्याचा गुरु झाला. आणि ज्याला गिटारचा एक स्वरही शिकवितां आला नसता, त्या कारखान्यांतील मनुष्यानें गुरु-शिष्यांची गांठ घालून दिली. आम्ही शिक्षकाचा धंदा करतों, म्हणून ह्या दुसऱ्या मनुष्याविषयीं आम्हांस विशेष आदर वाटतो. सगळ्या विद्या शिक्षकास येणें शक्य नाहीं. परंतु कोणत्या मुलाच्या कानावर कोणत्या वेळीं काय घालावें, एवढें त्याला उमगलें तरी त्याचें अर्धें काम झालें.

स्फूर्ति आली, परंतु स्फूर्तीनें बोटाचें टोक परत येत नाहीं. उघड्या टोकांनीं तार दाबली तर असह्य वेदना होत. हात बदलून उजव्या हाताच्या वादकासारखें पहिल्यापासून शिकावें, हा एक मार्ग होता. तो त्यानें घेतला नाहीं. त्यानें भांडीं धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळविली, तिचा गोळा केला, तापविलेल्या लोखंडानें त्यांत बोट शिरेल एवढें भोंक पाडलें, आणि घासून घासून दोन टोपणें तयार केलीं. प्लॅस्टिक तारेवरून घसरे. म्हणून निरनिराळीं चामडीं लावून पाहिलीं, आणि शेवटीं एका जुन्या जाकिटाचें चामडें कापून वर चिकटविलें. आतां तार धरूं लागली. परंतु टोपणांतून तारेचा स्पर्श कळत नाहीं. बोट योग्य जागीं पडलें कीं नाहीं, हें त्याला कानानेंच ठरवावें लागे.

दुसरी अडचण तारांची. त्या काळीं गिटारच्या तारा जाड येत. त्या वांकविण्यास फार जोर लागे. बारीक तारा बाजारांत मिळेनात, तेव्हां त्यानें बँजो नांवाच्या दुसऱ्या वाद्याच्या पातळ तारा आणून आपल्या गिटारवर चढविल्या. पुढें १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' ह्या तबकडींतील कित्येक रचनांसाठीं त्यानें खुंट्या पिळून सगळ्याच तारा तीन अर्धस्वर खालीं उतरविल्या. विज्ञानाच्या वर्गांत तुम्ही शिकलां आहां कीं तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. तीन अर्धस्वर उतरले म्हणजे कंपनसंख्या मूळच्या सुमारें ०.८४ पट होते, आणि ताण सुमारें ०.७१ पट, म्हणजे बोटांवरचा भार शेंकडा २९ नीं हलका झाला. तार सैल झाल्यानें आवाज जो खोल व जड झाला तो ऐकणाऱ्यांस नवीनच वाटला, आणि पुढें जगभरच्या वादकांनीं तो उचलला.

तिसरी गोष्ट स्वरांच्या निवडीची. पाश्चात्य संगीतांत तीन किंवा अधिक स्वर एकदम वाजवितात. उदाहरणार्थ, षड्ज, गांधार व पंचम. त्यासाठीं अनेक तारा एकाच वेळीं निरनिराळ्या पडद्यांवर दाबाव्या लागतात. आयोमीला असे कित्येक जटिल मेळ धरतां येईनात. म्हणून त्यानें दोन स्वरांवर, म्हणजे मुख्यत्वें षड्ज व पंचम ह्या जोडीवर, भर दिला. ही युक्ति त्याच्या पूर्वीं कोणी केली नव्हती असें नाहीं. परंतु त्यानें तिच्यावर सगळी इमारतच उभी केली. आपला तानपुरा पंचम व षड्ज ह्या तारांवरच गायकास अख्खी रात्र आधार देतो. तेव्हां ह्या जोडींत किती बळ आहे, हें आपल्या लोकांस वेगळें सांगावयास नको. विजेच्या गिटारवर ध्वनिवर्धकाच्या साहाय्यानें हीच जोडी भिंतीसारखी उभी राहते.

त्यांच्या संचाचें नांव धारण करणारी जी पहिली प्रसिद्ध रचना, तिचा मुख्य चरण तीनच स्वरांचा आहे: खालचा षड्ज, त्याच्या वरचा षड्ज, आणि मग मधला तीव्र मध्यम. यमन रागांत हाच तीव्र मध्यम आपण किती शांतपणें ऐकतों! तेथें त्याच्या आजूबाजूस गांधार, पंचम, निषाद असे सोबती असतात. येथें त्याला एकटेंच सोडून दिलें आहे, आणि तोही अतिशय विलंबित लयींत. त्यामुळें तो अंधारांत कोणी उभें असल्यासारखा वाटतो. स्वर तोच, पण संगतीनें त्याचा स्वभाव पालटतो. विद्यार्थ्यांनीं ह्यांतून संगतीविषयीं जो बोध घ्यावयाचा तो घ्यावा.

ह्या मनुष्याच्या शिस्तीविषयींही चार शब्द लिहिले पाहिजेत. १९६८ सालीं आयोमीनें गायक ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर व बिल वॉर्ड ह्यांच्याबरोबर संच उभारला. ऑस्बोर्न त्याच्याच शाळेंत मागच्या वर्गांत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस 'जेथ्रो टल' ह्या नावाजलेल्या संचानें आयोमीला बोलाविलें. तो गेला, परंतु थोड्याच दिवसांत आपल्या गांवच्या सोबत्यांकडे परत आला. येतांना त्यानें एक गोष्ट बरोबर आणली: ते लोक सकाळीं ठराविक वेळीं तालमीस बसत, आणि काम म्हणून वाजवीत. त्यानेंही आपल्या सोबत्यांस सकाळीं नऊच्या ठोक्यास तालमीस हजर करण्याचा क्रम सुरू केला. १९६९ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपली पहिली तबकडी एका दिवसांत मुद्रित केली. १३ फेब्रुवारी १९७० रोजीं ती प्रसिद्ध झाली. एका दिवसाचें तें काम ऐकून लोकांस चमत्कार वाटतो. परंतु त्यामागें कित्येक महिन्यांच्या तालमी व रात्रीरात्रीचे प्रयोग उभे होते.

आतां पालकांच्या शंकेकडे वळूं. 'ब्लॅक सॅबथ' हें नांव त्यांनीं एका १९६३ सालच्या भयपटावरून घेतलें. लोक पैसे देऊन भिण्यासाठीं चित्रपटास जातात, तर संगीतानेंही भीति कां वाटूं नये, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या गळ्यांतील मोठे क्रूस पुष्कळांनीं चित्रांत पाहिले असतील. ते क्रूस ऑस्बोर्नच्या वडिलांनीं, जे कारखान्यांत हत्यारें बनविणारे कारागीर होते, अ‍ॅल्युमिनियमचे करून दिले होते. १९७१ सालचें 'आफ्टर फॉरएव्हर' हें त्यांचें गीत धर्मश्रद्धेची थट्टा करणाऱ्यास विचार करावयास लावणारें आहे; तें लिहिणारा बटलर कॅथलिक घरांत वाढला होता. १९७० सालचें 'वॉर पिग्ज' हें गीत, युद्धें पुकारून गरिबांच्या मुलांस मरावयास पाठविणाऱ्यांचा निषेध करतें. तेव्हां नुसत्या नांवावरून भिऊं नये. परंतु दुसरी बाजू लपविणेंही योग्य होणार नाहीं. मद्य व अमली पदार्थ ह्यांनीं ह्या मंडळीचें फार नुकसान केलें. १९७९ सालीं ऑस्बोर्नला त्या कारणावरून संचांतून काढावें लागलें, आणि आयोमीनेंही २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत आपल्या व्यसनांविषयीं मोकळेपणानें लिहिलें आहे. प्लॅस्टिकच्या टोपणांनीं त्याला जें मिळवून दिलें तें व्यसनांनीं कांहीं वेळां जवळजवळ घालविलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं टोपणें घ्यावीं, व्यसनें तेथेंच सोडावीं.

ह्या हकीगतीचा खरा अर्थ आम्हांस ग्रंथांत कळला नाहीं. तो राजगुरुनगरांतच एका विद्यार्थ्याच्या घरीं कळला. हा मुलगा आमच्या दहावीच्या वर्गांत होता. वडील मराठवाड्यांतून कामासाठीं आलेले, चाकणच्या बाजूस एका लहानशा कारखान्यांत प्रेसवर कामास. त्यांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें पहिल्या पेरांपासून नाहींत. मुलानें जुनी गिटार स्वस्तांत मिळविली होती आणि मोबाइलवर ऐकून ऐकून तो बरीच चांगली वाजवूं लागला होता. एके दिवशीं वडिलांनीं आम्हांस घरीं बोलाविलें. चहा झाल्यावर ते म्हणाले, "सर, माझीं बोटं यंत्रानं नेलीं. ह्याचीं हा स्वतःच सोलून घेतोय. अभ्यासाचं वर्ष आहे. तुम्हीच सांगा आतां ह्याला."

आम्हीं मुलाचा हात पाहावयास मागितला. डाव्या हाताच्या चारही बोटांच्या टोकांस घट्टे पडले होते. वडिलांनींही तो हात आपल्या हातांत घेतला. त्यांनीं तो इतक्या जवळून बहुधा प्रथमच पाहिला असावा. अंगठ्यानें घट्टे दाबून पाहात ते हळूच म्हणाले, "हे तर कामाचेच घट्टे आहेत."

तेवढ्यांत मुलगा म्हणाला, "पप्पा, ह्या माणसाचीं बोटं पण प्रेसवरच गेलीं होतीं," आणि त्यानें मोबाइलवर आयोमीच्या हाताचें चित्र पुढें केलें. आम्हांस वाटलें होतें कीं वडील तें बाजूस सारतील. त्यांनीं चष्मा लावला, चित्र मोठें केलें, आणि एखाद्या सुट्या भागाकडे पाहावें तसें तें निरखून पाहूं लागले. "टोपणं कशाचीं आहेत?" त्यांनीं विचारलें. मुलानें बाटलीची हकीगत सांगितली. "आणि वर चामडं? बरोबर आहे. नाहींतर तार घसरंल." असें बराच वेळ चाललें. टोपण आंतून गुळगुळीत हवें, नाहींतर घाम येऊन फिरेल, हें त्यांनीं स्वतःच ताडलें. शेवटीं मोबाइल परत देतांना ते म्हणाले, "गडी हुशार आहे. पण त्याच्या मशीनला गार्ड नव्हता वाटतं." मग कोणीच कांहीं बोललें नाहीं.

त्यांचें तें शेवटचें वाक्य ह्या सगळ्या हकीगतीचें सार आहे असें आम्हांस वाटतें. आयोमीची गोष्ट सांगणारे पुष्कळ लोक शेवटीं म्हणतात कीं तो अपघात झाला म्हणूनच हें नवें संगीत जन्मलें. असें बोलणें आम्हांस रुचत नाहीं. बोटें तुटणें हें कधींच चांगलें नसतें. त्याच शहरांत, त्याच सालीं, आणि आजही आपल्या ह्या पट्ट्यांत, ज्यांचीं बोटें यंत्राखालीं गेलीं त्यांपैकीं एखाद्याचीच कीर्ति झाली. बाकीच्यांनीं मुकाट्यानें पट्टी बांधून दुसरें काम शोधलें. त्यांच्या कोणी तबकड्या काढल्या नाहींत. यंत्राला पिंजरा असावा, दोन्ही हातांनीं दोन बटणें दाबल्याखेरीज तें खालीं येऊं नये, हात मध्यें आला तर तें आपोआप थांबावें, ह्या सगळ्या गोष्टी मनुष्यास करतां येतात. आपल्या देशांत १९४८ च्या कारखाना कायद्यानेंच धोक्याच्या यंत्रांस संरक्षण घालणें बंधनकारक केलें. तें संरक्षण गतीस अडथळा होतो म्हणून काढून ठेवणें हा मनुष्याच्या हातांचा अपमान आहे.

आयोमीनें केलें काय? त्यानें आपल्या हाताजोगें वाद्य करून घेतलें. तारा पातळ केल्या, ताण उतरविला, स्वर निवडले, बोटांस टोपणें चढविलीं. वाद्यानें हाताशीं जुळवून घ्यावें, हाच त्याच्या सगळ्या कसबाचा पाया आहे. जें वाद्याविषयीं खरें तेंच यंत्राविषयींही खरें. तेंही मनुष्याच्या हाताजोगें असलें पाहिजे. आणि आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं तर हें अधिकच ध्यानांत धरावें, कारण आमच्या हातीं जीं मुलें येतात त्यांचे हात निरनिराळे असतात, आणि आम्ही मात्र सर्वांच्या पुढें एकाच जाडीची तार ठेवतों.

त्या मुलाची महत्त्वाकांक्षा आम्हीं त्याला विचारली. त्याला कांहीं जगप्रसिद्ध व्हावयाचें नव्हतें. पुण्यांत एकदां तरी स्वतःची रचना लोकांपुढें वाजवावी, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. ती रचना तो वडिलांच्या प्रेसच्या ठोक्यावर बसवीत होता; ठोक्यामधलें अंतर त्यानें वडिलांस टेबलावर हात आपटावयास लावून मोजून घेतलें होतें. ही इच्छा अशक्य कोटींतील नाहीं. मुंबईंत १९८४ सालीं 'रॉक मशीन' नांवाचा संच निघाला. महेश तिनईकर हे त्यांतील गिटारवादक. हाच संच पुढें १९९३ सालीं 'इंडस क्रीड' ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला, आणि स्वतःच्या रचना वाजवून त्यानें देशभर श्रोते मिळविले. २०१० पासून पुण्यांतही अशा संगीताचे मोठे मेळे भरूं लागले. तथापि ह्या वाद्यावर संसार चालविणारे थोडे, हें आम्हीं त्याला स्पष्ट सांगितलें. त्यानें दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम घेतला. आपला बिघडलेला ध्वनिवर्धक त्यानें स्वतःच दुरुस्त केला, हें त्याच्या वडिलांनीं आम्हांस रस्त्यांत थांबवून मोठ्या कौतुकानें सांगितलें.

५ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागांतील व्हिला पार्क मैदानावर 'ब्लॅक सॅबथ'चे चारही मूळ सोबती शेवटचे एकत्र वाजले. तो कार्यक्रम रुग्णांच्या व आजारी मुलांच्या संस्थांस साहाय्य म्हणून होता. ऑस्बोर्नला बसूनच गावें लागलें, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस तो वारला. आयोमी त्या वेळीं सत्त्याहत्तर वर्षांचा होता. २०१२ सालीं त्याला कर्करोग जडला होता. त्या आजाराचे उपचार घेतां घेतां त्यानें नवी तबकडी पुरी केली होती. साठ वर्षांपूर्वीं जीं टोपणें त्यानें प्रथम बोटांवर चढविलीं, तशींच टोपणें त्या रात्रींही त्याच्या बोटांवर होतीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जो कोणी एकटा बसून कांहीं शिकत असेल, मग तें गिटार असो, चित्रकला असो वा यंत्रदुरुस्ती, त्यानें तीन गोष्टी संभाळाव्या. ज्याचें अनुकरण करावयाचें त्याला नीट ऐकावें. अर्धवट ऐकून बोटें चालवूं नयेत. ठराविक वेळीं बसावें, मन असो वा नसो. आणि अडचण आली तर प्रथम आपल्या हातास दोष देऊं नये; हत्यार बदलून पाहावें, तें आपल्याजोगें करून घ्यावें. पालकांस आमची विनंती एवढीच कीं मुलाच्या बोटांवर घट्टे दिसले तर रागावण्यापूर्वीं तो हात एकदां हातांत घेऊन पाहावा. आणि जे विद्यार्थी उद्यां चाकणच्या त्याच यंत्रांपुढें अधिकारी म्हणून, अभियंते म्हणून, किंवा कारखानदार म्हणून उभे राहतील, त्यांनीं रोज सकाळीं कळ दाबण्यापूर्वीं पिंजरा जागच्या जागीं आहे कीं नाहीं तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. त्या यंत्रापुढें उभ्या असलेल्या मनुष्याच्या घरीं एखादी गिटार त्याची वाट पाहात असेल.